ईडनला थांबण्याचा निर्णय: सिडनी–मेलबर्न किनारी सायकल-सफरीचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील पती-पत्नींना येथे माधव आणि शुभदा म्हटले आहे. ही त्यांची खरी नावे नव्हेत, आणि ओळख पटेल असे काही तपशील गाळले आहेत. दोघेही माझ्या जुन्या सायकल-गटातले असल्यामुळे एकेरी उल्लेखाची मोकळीक त्यांनीच दिली आहे. सफरीच्या वेळी माधव ५४ वर्षांचा आणि शुभदा ५१ वर्षांची होती. परतल्यावर मी दोघांशी स्वतंत्रपणे बोललो, शुभदाने रोज रात्री तंबूत लिहिलेली डायरी वाचली आणि माधवने निघण्यापूर्वी केलेला तक्ता पाहिला. डायरी आणि तक्ता शेजारी ठेवून वाचल्यावर हे प्रकरण लिहून काढावेसे वाटले, कारण एकाच प्रवासाच्या त्या दोन नोंदी क्वचितच एकमेकींशी जुळतात.

दोघे नवखे नव्हते. कोकणचा किनारी रस्ता त्यांनी सामानासह दोनदा केला होता. दिघी, दाभोळ आणि जयगडच्या खाड्या फेरीबोटीने ओलांडत रोज ५०–६० किलोमीटर चालवण्याची त्यांना सवय होती. मात्र या सवयीबरोबर एक गृहीतकही अंगवळणी पडले होते. कोकणात थकवा आला की पाच-सात किलोमीटरच्या आत एखादी टपरी, देऊळ किंवा एसटीचा थांबा सापडतो, आणि अगदीच अडले तर टेंपोत सायकल टाकून पुढचे गाव गाठता येते. तेथे थांबण्याचा निर्णय आधी घेऊन ठेवावा लागत नाही. पाय थकले की तो आपोआप होतो. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय किनाऱ्यावर पहिले पाचशे किलोमीटर साधारण असेच चालते, आणि नंतर एका गावापासून पुढे ते अचानक बंद होते. ते गाव म्हणजे ईडन.

आखणी

मार्ग सिडनी ते मेलबर्न, शक्य तेथे समुद्राच्या काठाने, एकूण सुमारे १,०६० किलोमीटर. अवधी २१ दिवस: १७ दिवस सायकल चालवण्याचे, तीन विश्रांतीचे आणि शेवटचा सायकली खोक्यात भरण्याचा. मेलबर्नहून परतीचे विमान बाविसाव्या दिवशी ठरलेले होते. वेळ फेब्रुवारीची अखेर आणि मार्च. दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडे ठरवली होती, आणि त्यामागचा विचार योग्य होता. न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात दुपारनंतर बहुधा ईशान्येकडून समुद्रवारे वाहतात, ते दक्षिणेकडे जाणाऱ्याला पाठीवर मिळतात. ईडननंतर रस्ता पश्चिमेकडे वळू लागतो आणि पश्चिमेचा वारा समोर येतो, याची नोंदही तक्त्यात होती. पण त्या भागातील रोजचे अंतर मात्र कमी करण्याऐवजी वाढवलेले होते, कारण मध्ये मुक्कामाला गावेच नाहीत.

तयारीतील एका गोष्टीचे कौतुक केले पाहिजे. ऑस्ट्रेलियाचे जैवसुरक्षा नियम कडक आहेत आणि टायरला लागलेली परदेशी माती त्यांना चालत नाही, हे माहीत असल्यामुळे शुभदाने निघण्याच्या आदल्या रात्री चारही टायरांच्या खाचा दात घासण्याच्या जुन्या ब्रशने साफ केल्या. सिडनीच्या विमानतळावर अधिकाऱ्याने टॉर्च मारून त्या पाहिल्या आणि पाच मिनिटांत जाऊ दिले. भाजणी आणि मेतकुटाचे पुडे तिने प्रवेशपत्रकावर आधीच जाहीर केले होते, त्यामुळे तेही विनातक्रार सुटले.

सायकली मात्र विमानतळाबाहेरच्या बाकावर, रात्रभराच्या जागरणानंतर, भारतातल्या पहाटेच्या वेळेला सरावलेल्या डोळ्यांनी जोडल्या गेल्या. खोक्यात बसावी म्हणून माधवने सीटची दांडी काढली होती. ती परत बसवताना त्याने अंदाजाने उंची धरली, एक चक्कर मारली आणि ‘ठीक आहे’ म्हणून पकड आवळली.

सामानाची वाटणी अशी होती: तंबू, शेगडी, भांडी, अवजारे आणि सुटे भाग माधवच्या कॅरियरवर, एकूण २३ किलो, शुभदाकडे कपडे, झोपण्याच्या पिशव्या आणि शिधा, १३ किलो. शुभदा चढावर माधवपेक्षा चांगली चालवते, हे आमच्या गटात सर्वांना ठाऊक आहे. तरीही वाटणी अशीच झाली, आणि ती कोणी ठरवली असे विचारल्यावर दोघांनीही ‘आमच्याकडे नेहमी तशीच असते’ हेच उत्तर दिले.

अडचण कशी वाढत गेली

पहिला दिवस उत्तम गेला. क्रोनुलाहून छोट्या फेरीबोटीने बंदीना, तेथून १८७९ साली घोषित झालेल्या रॉयल राष्ट्रीय उद्यानातून चढ-उतार, आणि मग कड्यांना वळसा घालून समुद्रावरून जाणारा सी क्लिफ पूल. दरडी कोसळून बंद पडलेल्या रस्त्याला पर्याय म्हणून २००५ साली बांधलेला हा ६६५ मीटरचा पूल चालवताना एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला उभा कडा असतो. शुभदाच्या डायरीत त्या दिवसाची दोन पाने आहेत. माधवच्या तक्त्यात ‘७८ किमी, वेळेत’ एवढेच आहे.

वुलनगाँगनंतरचा प्रदेश नकाशावर सपाट दिसतो, पण तसा नाही. दर काही किलोमीटरवर एखादी नदी किंवा खाडी समुद्राला मिळते. रस्ता तिच्याकडे उतरतो, पूल ओलांडतो आणि लगेच वर चढतो. एकही चढ मोठा नाही, पण दिवसाकाठी असे वीस-पंचवीस होतात. नाउरा ते बेटमन्स बे या टप्प्यात किनाऱ्याचा वेगळा रस्ता सलग मिळत नाही आणि प्रिन्सेस महामार्गाच्या कडेनेच जावे लागते. वाहन ओलांडताना ताशी ६० किलोमीटरपेक्षा अधिक वेग असल्यास सायकलपासून दीड मीटर अंतर ठेवण्याचा नियम या राज्यात २०१६ पासून आहे, आणि बहुतेक चालक तो पाळतात, असा दोघांचाही अनुभव आहे. तरी रस्त्याची कड जेथे हातभर उरते, तेथे मागून मालट्रक आला की थांबून पाय टेकवण्याला पर्याय नसतो. थांबणे, पुन्हा जोर लावून सुरुवात करणे, पुन्हा थांबणे, यात गुडघ्यावर सर्वांत जास्त ताण येतो.

माधवचा उजवा गुडघा चौथ्या दिवशी, उल्लाडल्लाच्या अलीकडे, वाटीच्या खालच्या बाजूला दुखू लागला. त्याने ते सांगितले नाही. पाचव्या दिवशी तो चढावर उतरून चालू लागला आणि कारण म्हणून गिअर नीट पडत नसल्याचे सांगितले. बेटमन्स बेला पहिला विश्रांतीचा दिवस ‘कपडे धुण्यासाठी’ घेतला गेला. मोरुयानंतर दुसरा पावसामुळे गेला, आणि तिसरा मेरिंबुलाला. बर्मागुई ते टाथ्रा हा लाकडी पूल आणि सरोवरांचा सुंदर रस्ता दोघांच्या आठवणीत पूर्णपणे वेगळा आहे: शुभदाला तेथली काळी हंसे आठवतात, माधवला एक चढ.

डायरीत सातव्या दिवशीची एक ओळ आहे: ‘म उतारावरही उजवा पाय फिरवत नाही.’ म्हणजे तिला तेव्हाच कळले होते. तिने विचारले नाही, कारण विचारले तर तो नाही म्हणेल आणि मग नाही म्हटल्यावर त्याला ते निभावावे लागेल, असे तिला वाटले. पंचवीस वर्षांच्या संसारात ही समजूत पुष्कळदा उपयोगी पडली असेल. येथे तिची किंमत सहा दिवस होती.

ईडनला ते पोहोचले तेव्हा तेरावा दिवस मावळत होता. झालेले अंतर सुमारे ५०० किलोमीटर, तेही दहा दिवसांच्या सायकलिंगमध्ये, म्हणजे दिवसाला ५०. उरलेले अंतर ५६० आणि उरलेले दिवस सात. हा भागाकार तिसरीतले मूल करील: दिवसाला ८०, तेही पश्चिमेच्या वाऱ्यात, विश्रांतीचा एकही दिवस शिल्लक नसताना. तक्त्यात सर्व आकडे होते, पण हा भागाकार त्या रात्रीपर्यंत कोणीच मांडलेला नव्हता.

ईडनमधील पर्याय

त्याच रात्री हवामानाचा अंदाज आला. दुसऱ्या दिवशी तापमान ३८ अंशांवर, वायव्येकडून जोरदार कोरडा वारा आणि सायंकाळी दक्षिणेकडून थंड वाऱ्याचा पालट. हे त्या किनाऱ्याचे नेहमीचे चक्र आहे. थंड हवेचा पट्टा येण्याआधी खंडाच्या आतल्या भागातली तापलेली हवा समुद्राकडे ढकलली जाते, आणि पट्टा येऊन गेला की पाऊण-एक तासात तापमान पंधरा-पंधरा अंशांनी उतरते. आगीच्या धोक्याची पातळी ‘एक्स्ट्रीम’ जाहीर झाली होती. २०२२ पासून ऑस्ट्रेलियाभर एकसारख्या लागू झालेल्या चार पातळ्यांपैकी ही वरून दुसरी. गावाबाहेरच्या अर्धवर्तुळाकार फलकावर तिचा बाण नारिंगी रंगात उभा असतो. उघड्यावर आग पेटवण्यास पूर्ण बंदी होती.

पुढचा टप्पा नीट समजून घेतला पाहिजे. ईडन ते महामार्गावरचे पुढचे गाव कॅन रिव्हर हे अंतर सुमारे १०७ किलोमीटर आहे. मध्ये राज्याची सीमा लागते आणि साधारण ६० किलोमीटरवर जेनोआ नावाची छोटी वस्ती येते. तेथे तंबू लावण्यास जागा आहे, पण दुकानाच्या भरवशावर जाता येत नाही. बाकी दोन्ही बाजूंना निलगिरीचे उंच जंगल. जेनोआ ते कॅन रिव्हर या ४७ किलोमीटरांत माउंट ड्रमरचा चढ आहे आणि मोबाइलला बराच काळ संपर्क नसतो. दोघांनी सिडनीत घेतलेले सिम स्वस्त होते, आणि ते स्वस्त का होते हे ईडनच्या पुढे कळले. याच जंगलाच्या समुद्राकडच्या टोकाला मॅलाकूटा आहे. ३१ डिसेंबर २०१९ रोजी वणवा गावात शिरला तेव्हा हजारो लोक पाण्याच्या काठावर जमले होते, आणि रस्ते बंद असल्यामुळे जानेवारीत त्यांतील हजाराहून अधिक जणांना नौदलाच्या जहाजाने बाहेर काढावे लागले. माधव-शुभदा ईडनमध्ये ज्या कॅरव्हॅन पार्कमध्ये (तंबू आणि फिरत्या घरगाड्यांच्या मुक्कामाच्या जागेत) उतरले होते, तेथील व्यवस्थापक बाईंनी ही हकिकत सांगितली आणि एवढेच विचारले: ‘आग लागली, तर तुम्ही सायकलने कुठल्या दिशेला पळणार?’

तंबूबाहेरच्या लाकडी टेबलावर पाच पर्याय मांडले गेले. पहिला माधवचा: पहाटे साडेतीनला निघायचे आणि ऊन चढण्यापूर्वी जेनोआ गाठायचे. कागदावर तो जमण्यासारखा होता. परंतु कांगारू आणि वॉम्बॅट नेमके पहाटे व संध्याकाळी रस्त्यावर असतात, ईडनजवळच्या गिरणीकडे येणारे लाकडाचे ट्रकही लवकर सुरू होतात, आणि दुखऱ्या गुडघ्याने सहा तासांचा हिशेब कधी आठ तासांवर जाईल याचा नेम नव्हता. दुसरा पर्याय एक दिवस थांबण्याचा. तिसरा बसने बेअर्न्सडेल गाठण्याचा, जेथून मेलबर्नला रेल्वे आहे. त्यात उघडी सायकल घेत नाहीत, म्हणजे खोकी शोधणे, सायकली सोडवणे आणि पुढे पुन्हा जोडणे आले. चौथा एकेरी भाड्याने मोठी गाडी घेण्याचा. ती ईडनमध्ये मिळाली नाही. पाचवा शुभदाने मांडला: माधवने सामान घेऊन बसने जावे आणि तिने सायकलने यावे. यावर त्याने ‘तू एकटी? या जंगलातून?’ एवढेच म्हटले, आणि पर्याय तेथेच मिटला. तो नाकारण्याची कारणे तपासलीच गेली नाहीत, हे येथे नोंदवतो, कारण तीन दिवसांनी हाच पर्याय स्वीकारावा लागला.

सहावा पर्याय टेबलावर आलाच नाही: विमान पुढे ढकलणे. ‘ते फार महाग असणार’ असे दोघांनीही गृहीत धरले होते. पुण्याला परतल्यावर माधवने सहज चौकशी केली, तेव्हा त्यांच्या तिकिटावर तारीख बदलण्याचा खर्च मेलबर्नमधल्या हॉटेलच्या दोन रात्रींपेक्षा कमी होता असे निघाले.

घेतलेला निर्णय आणि सीटची दांडी

ते थांबले. निर्णय शुभदाचा होता आणि तो तिने वाद न घालता घेतला: ‘तू निघ, मी उद्या निघते.’ माधव एकटा निघणार नाही, हे तिला माहीत होते.

थांबण्याचा तो दिवस या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा ठरला, पण अपेक्षित कारणाने नव्हे. सकाळी दोघे ईडनच्या संग्रहालयात जाऊन आले. तेथे ओल्ड टॉम नावाच्या किलर व्हेलचा सांगाडा जपून ठेवला आहे. या उपसागरात देवमाशांच्या शिकाऱ्यांना ज्या कळपाची साथ मिळे, त्यातला हा, १९३० साली मेलेला. दुपारी भट्टीसारखा वारा सुटला तेव्हा करायला काही नव्हते म्हणून माधवने करकरणारी सीटची दांडी धूळ पुसण्यासाठी फ्रेममधून बाहेर काढली आणि फडक्यासाठी शुभदाकडे हात केला. शुभदाने दांडी हातात घेतली आणि परत दिली नाही. ॲल्युमिनियमच्या त्या नळीवर दोन कडी उमटलेली होती. एक जुने, वर्षानुवर्षांच्या पकडीने घासून पांढरट झालेले. दुसरे नवे, चकचकीत, जुन्यापासून एक बोट वर. तिने आपले आडवे बोट दोन्हींच्या मध्ये ठेवले, ते बरोबर मावले. दांडी विमानतळावर तेवढी खोल गेली होती. म्हणजे माधवने दहा दिवस आणि ५०० किलोमीटर, २३ किलो सामानासह, दीड सेंटीमीटर बुटक्या सीटवरून पेडल मारले होते. सीट खाली असली की पेडल वर येताना गुडघा जरुरीपेक्षा जास्त दुमडतो आणि वाटीवर दाब वाढतो. वाटीच्या आसपासच्या दुखण्याचे हे सायकलस्वारांना परिचित कारण आहे.

त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. दोघे मनापासून हसले, आणि माधवने गेल्या आठवड्याचे सगळे खरे सांगितले. शुभदाने सातव्या दिवसाची ओळ वाचून दाखवली. सामानाची वाटणी त्याच संध्याकाळी बदलली: तंबू आणि अवजारे तिच्याकडे गेली आणि वजन १७ व १९ किलो झाले, जास्तीचे शुभदाकडे. सव्वासहाला दक्षिणेचा वारा आला, झाडे उलट्या बाजूला वाकली, आणि सात वाजता दोघांनी जॅकेट चढवली.

येथेच दुसरी चूक झाली असे माझे मत आहे. कारण सापडले म्हणजे दुखणे गेले, असे दोघांनीही मानले. सीट वर घेतल्याने नवा ताण थांबणार होता. आधीची सूज एका दिवसात ओसरणार नव्हती. अंदाजातली उष्णता टळली होती, कारण सापडले होते, मनावरचे ओझे उतरले होते, आणि या तिन्हींच्या भरात उरलेल्या सहा दिवसांचा भागाकार पुन्हा मागे पडला. आता तो दिवसाला ९३ होता.

जेनोआ, माउंट ड्रमर आणि कॅन रिव्हर

ईडन ते जेनोआ हे ६० किलोमीटर नैर्ऋत्येच्या वाऱ्यात साडेसात तासांत झाले. पहिले तीस किलोमीटर माधवला काहीच दुखले नाही आणि तो गाणी म्हणत होता, अशी नोंद आहे. सीमेनंतर रस्त्याकडेला काळ्या पडलेल्या खोडांना थेट सालीतून हिरवी पालवी फुटलेली दिसू लागली; आग सोसलेली निलगिरी अशी पुन्हा उभी राहते. जेनोआला तंबू लावला तेव्हा गुडघा गरम लागत होता.

दुसऱ्या दिवशी माउंट ड्रमरच्या चढावर, जेनोआपासून साधारण २२ किलोमीटरवर, गुडघा वाकेनासा झाला. माधव सायकल ढकलत चालू लागला. शुभदाने गाडी थांबवण्याचे सुचवले. तो नको म्हणाला. दोन किलोमीटरनंतर तिने पुन्हा विचारले. त्याने चढ संपल्यावर पाहू असे सांगितले. चढ संपला, आणि उतारावरही त्याला सायकलवर बसता येईना, कारण उतरताना दोन्ही पाय एका पातळीत आडवे ठेवण्यापुरताही गुडघा दुमडत नव्हता. सात किलोमीटर असे चालून झाल्यावर, फोनला संपर्क नसताना आणि दोघांत मिळून सव्वा लिटर पाणी उरलेले असताना, शुभदाने तिसऱ्यांदा विचारले नाही. सायकल कठड्याला टेकवली, हेल्मेट हातात घेतले आणि रस्त्याच्या कडेला उभी राहून हात केला. चौथी गाडी थांबली. मागे उघडा हौदा असलेली ती एका शेतकऱ्याची गाडी होती. दोन कुत्री आणि कुंपणाच्या तारेची भेंडोळी यांच्यामध्ये माधवची सायकल बसली. शुभदाच्या सायकललाही जागा झाली असती. तिने उरलेले १८ किलोमीटर चालवत जायचे ठरवले आणि तासाभरानंतर कॅन रिव्हरला पोहोचली.

त्या संध्याकाळी ईडनमध्ये मिटवलेला पाचवा पर्याय पुन्हा उघडला गेला, आणि या वेळी त्याची नीट तपासणी झाली. कॅन रिव्हर ते ऑर्बोस्ट सुमारे ७५ किलोमीटर; हवामान थंड, आगीच्या धोक्याची पातळी खाली आलेली; शुभदा सामानाविना. कॅरव्हॅन घेऊन बेअर्न्सडेलकडे निघालेले एक निवृत्त जोडपे माधवला, त्याच्या सायकलला आणि सर्व सामानाला न्यायला तयार होते. अटी लिहून काढल्या: शुभदाकडे चार लिटर पाणी, खाणे, पंक्चरचे साहित्य आणि जॅकेट, ऑर्बोस्टला पोहोचताच फोन, सायंकाळी पाचपर्यंत फोन न आल्यास माधवने ००० या आपत्कालीन क्रमांकावर कळवायचे, वाट पाहायची नाही. सफरीत लिहून ठरवलेला हा पहिला नियम होता, आणि तो सतराव्या दिवसासाठी होता.

निष्पत्ती

फोन पावणेतीनला आला. ऑर्बोस्टपासून पुढे जुन्या रेल्वेमार्गावर केलेली सायकलवाट बेअर्न्सडेलपर्यंत जाते, सुमारे ९६ किलोमीटर, वाहनांशिवाय. शुभदाने ती दीड दिवसात, ब्रूथनला मुक्काम करून पूर्ण केली. वाटेत १९१६ साली बांधलेला स्टोनी क्रीकचा लाकडी रेल्वेपूल लागतो. आता त्यावरून जाता येत नाही, वाट शेजारून जाते. डायरीत तेथे बसून खाल्लेल्या थंड थालीपिठाचा उल्लेख आहे, आणि पुढे, ‘म असता तर खांब मोजले असते. मी मोजले नाहीत.’

बेअर्न्सडेलच्या डॉक्टरांनी गुडघ्याला गंभीर इजा नसल्याचे आणि सायकल पूर्ण बंद ठेवण्याचे सांगितले. विसाव्या दिवशी सकाळी दोघे सायकलींसह रेल्वेने मेलबर्नला आले, एकविसाव्या दिवशी खोकी भरली आणि ठरलेल्या विमानाने परतले. शुभदाचे अंतर सुमारे ७८० किलोमीटर, माधवचे ५९०. पुण्यात सहा आठवडे व्यायामोपचार घेतल्यानंतर तो पुन्हा चालवू लागला. डॉक्टरांचे शुल्क प्रवास विम्यातून मिळाले.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत स्वस्त उपाय घरीच होता: दांडी काढण्यापूर्वी पकडीच्या रेषेवर इन्सुलेशन टेपचा एक वेढा. आमच्या गटात विमानाने सायकल नेणाऱ्या प्रत्येकाला आता आधी हेच विचारले जाते. पण केवळ टेपवर हे प्रकरण संपवणे बरोबर होणार नाही, कारण सीट योग्य उंचीवर असती तरी वेगाचा हिशेब चुकलेलाच होता आणि दुसरे एखादे दुखणे कोणालाही झाले असते.

निर्णयाची खरी जागा ईडन नव्हती, मेरिंबुला होती. मेरिंबुलाला विमानतळ आहे, तेथून सिडनी आणि मेलबर्नला विमाने जातात, सायकलची खोकी मिळण्याची शक्यता असते, आणि मोठ्या गावामुळे भाड्याची गाडीही मिळू शकते. तेथे ते एक पूर्ण दिवस बसून होते. गुडघा, दिवस आणि अंतर यांचा हिशेब त्या दिवशी मांडला असता तर चार-पाच चांगले पर्याय हाताशी होते. २६ किलोमीटर पुढे जाऊन ते पर्याय निम्मे झाले, आणि जेनोआच्या पुढे एकच उरला, हात करून गाडी थांबवण्याचा. निर्जन टप्प्याच्या आधीच्या शेवटच्या गावात नव्हे, तर त्याच्याही आधीच्या, जेथून बाहेर पडण्याचे मार्ग अजून पुष्कळ आहेत अशा गावात थांबून हिशेब करायचा, अशी खूण तक्त्यातच करून ठेवता आली असती.

विश्रांतीचे तीन दिवस तक्त्यात होते, पण ते कशासाठी वापरायचे हे ठरलेले नव्हते, म्हणून ते पाऊस, कपडे आणि न सांगितलेले दुखणे यांत गेले. संकटकाळी उपग्रहामार्फत ठावठिकाणा कळवणारे बीकन भाड्याने मिळते. पैसे आणि वजन वाचवण्यासाठी ते घेतले नव्हते. माउंट ड्रमरवर ते असते तरी कदाचित वापरावे लागले नसते, परंतु शुभदा एकटी ऑर्बोस्टला गेली त्या दिवशी माधवचे पावणेतीनपर्यंतचे सहा तास वेगळे गेले असते. आणि सामानाची वाटणी सवयीने नव्हे, घरच्या एका चढावर दोघांचा वेग मोजून करता आली असती; चतुःशृंगीच्या पायथ्यापासून सेनापती बापट रस्त्याचा चढ त्यासाठी पुरेसा होता.

एका मुद्द्यावर दोघांचे अजून एकमत नाही. शुभदाने परवानगी न घेता गाडी थांबवली ते योग्य होते, हे माधवला मान्य आहे. मात्र हौद्यात जागा असताना ती स्वतः का बसली नाही, हे त्याला पटलेले नाही. संपर्क नसलेल्या रस्त्यावर दोघांनी वेगळे होणे हा त्या दिवसातला सर्वांत मोठा धोका होता, असे तो म्हणतो, आणि धोक्याच्या दृष्टीने पाहिले तर मला त्याचे म्हणणे चुकीचे वाटत नाही. शुभदाचे उत्तर असे की तिचे पाय उत्तम चालत होते. पुढच्या वर्षी बेअर्न्सडेलपासून मेलबर्नपर्यंतचा राहिलेला भाग करायचे ठरले आहे. या वेळी तक्ता शुभदा करते आहे. कॅन रिव्हर ते बेअर्न्सडेल हा माधवचा हुकलेला भाग त्यात धरायचा की नाही, तो रकाना तिने अजून रिकामा ठेवला आहे.